नवरा म्हणजे फिजिओ नव्हे

रुग्णालयात भरती करताना जो कागद भरून घेतात, त्यात वय, पत्ता, विमा कंपनी यांच्या खाली एक रकाना असतो: पेशंटसोबत कोण राहणार? तिथं बहुधा नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव पडतं आणि लिहिणारा पुढच्या ओळीकडे वळतो. पक्षाघात झालेल्या माणसाला पुन्हा चालतं करण्याविषयी आपल्याकडे काही धोरण असेल, तर ते या रकान्यात मावतं. घरचं कोणी आहे ना, मग झालं.

असं कोणी बसून ठरवलेलं नाही. माणसं कमी, पैसा कमी, आणि आजारपण घरच्यांनी काढायचं असतं ही पिढ्यांची सवय. त्यातून ते आपसूक घडत गेलं. वर आपल्या कुटुंबव्यवस्थेचं कौतुक आहेच.

माझं म्हणणं या सवयीविरुद्ध आहे. लुळा पडलेला पाय पुन्हा कामाला लावणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, ते जोडीदाराच्या गळ्यात मारू नये. जोडीदाराला दुसरं काम असतं. ते फिजिओला येत नाही, सिस्टरला येत नाही, पोटच्या मुलांनाही फारसं येत नाही. आणि पहिल्या कामाला जुंपल्यामुळे नेमकं तेच मागं पडतं.

हे लांबून पाहून लिहीत नाही. माझ्या पत्नीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, रुग्णालयात वेळेत पोचलो, जीव वाचला आणि मग एका पुनर्वसन केंद्रात आमचा मुक्काम पडला. माणसं चांगली होती तिथली. पण नातेवाईकांना तिथं दोनच वाक्यं ऐकायला मिळत. सुरुवातीला, "तुम्ही बाहेर थांबा." आणि डिस्चार्ज जवळ आला की, "आता घरी तुम्हीच करून घ्यायचं, व्हिडिओ काढून घ्या." या दोहोंच्या मधली जागा कोणी दाखवत नव्हतं.

घरच्यांनीच व्यायाम करून घेतले तर बिघडलं काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर भावनेवर सोडायची गरज नाही, कारण तो आपल्याच देशात तपासला गेला आहे. 'अटेंड' नावाची चाचणी २०१४ ते २०१६ या काळात भारतातल्या १४ रुग्णालयांत झाली. पक्षाघाताचे १२५० रुग्ण घेतले, त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला नेहमीचे उपचार, आणि शिवाय घरच्या एका माणसाला प्रशिक्षण: कसं बसवायचं, कसं उभं करायचं, सराव कसा आणि किती करून घ्यायचा. सहा महिन्यांनी पाहिलं, किती जण दगावले किंवा परावलंबी राहिले. पहिल्या गटात ४७ टक्के. दुसऱ्या गटातही ४७ टक्के. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले तेव्हा संशोधकांनी आडपडदा न ठेवता लिहिलं, की नवा पुरावा पुढं येत नाही तोवर हे काम घरच्यांवर सोपवणाऱ्या सेवांवर पैसा घालायला आधार नाही.

यातून कुटुंब निरुपयोगी ठरत नाही. ठरतं ते एवढंच, की फिजिओचं काम काही तासांत शिकवून घरच्यांच्या हाती देता येत नाही. बीपीटीची पदवी घ्यायला चार वर्षांहून जास्त लागतात. तेवढी वर्षं ती मुलं काही टाइमपास करत नसतात.

खुर्चीतून उठणं घ्या. आमची फिजिओ लातूरकडची, पंचविशीतली मुलगी. वाक्यं छोटी. "काकू, पाय मागं घ्या. गुडघ्यांच्या मागं. आता नाक पुढं. अजून पुढं. पडत नाही तुम्ही, मी आहे. नाक अंगठ्याच्या पुढं गेलं की उठा." माणूस सरळ वर उठतो असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे तो आधी पुढं झुकतो, वजन पावलांवर आणतो आणि मगच बूड खुर्चीवरून सुटतं. पक्षाघाताच्या पेशंटला पुढं झुकायची भीती वाटते, कारण अर्ध्या अंगाचा भरवसा गेलेला असतो. शेजारच्या खुर्चीत एक आजोबा होते. त्यांच्या बायकोला ते कष्ट बघवत नसत, ती दर वेळी काखेत हात घालून त्यांना वर ओढायची. ओढलं की माणूस मागं रेलतो आणि झुकायचं शिकतच नाही. शिवाय लुळ्या बाजूचा खांदा स्नायूंनी नीट धरलेला नसतो, ओढाओढीत तो सांध्यातून खाली निसटतो, पुढं महिनोन्महिने दुखतो, आणि त्या दुखण्यापायी चालण्याचा सराव बंद पडतो. फिजिओनं आजींना दटावलं नाही. आजोबांसमोर दोन हातांवर एक स्टूल ठेवलं, त्यावर आजींना बसवलं आणि म्हणाली, "आजी, तुम्ही नुसतं बोलवा यांना." आजी म्हणाल्या, "अहो, या ना. चहा गार होतोय." आजोबा पुढं झुकले. लगेच उठले असं नाही, त्याला बराच काळ जायचा होता. पण झुकले.

एका कामाची दोन माणसांत वाटणी कशी करायची, हे त्या मुलीला कळलं होतं. खांदा, गुडघा, वजन, भीतीचा अंदाज हे तिच्याकडे. बोलावणं आजींकडे.

पुनर्वसनात 'फिम' नावाची एक मोजपट्टी वापरतात. १८ कामं: जेवण, अंघोळ, कपडे, संडास, चालणं, जिना, बोलणं, लक्षात ठेवणं वगैरे. प्रत्येकाला १ ते ७ गुण. तिची खुबी अशी की मदत करणारा किती राबला हे ती विचारत नाही, पेशंट किती राबला ते विचारते. कामातले पाऊण किंवा त्याहून जास्त श्रम पेशंटनं केले तर ४ गुण, निम्मे ते पाऊण केले तर ३, पावाहूनही कमी केले तर १. कोणी हात लावला नाही, नुसतं जवळ उभं राहिलं, तर ५. काठी किंवा वॉकर घेऊन पण एकट्यानं, तर ६. ज्या बाईनं दिवसभर नवऱ्याला उचललं, पुसलं, भरवलं, तिच्या घामाचा या पट्टीवर अर्थ इतकाच निघतो, की नवऱ्याला गुण १. वाचायला क्रूर आहे. पण चालायला शिकवण्याचा सगळा व्यवहार या क्रूरपणावर उभा आहे, आणि ४ वरून ५ वर जायला पेशंटइतकंच सोबतच्या माणसालाही शिकावं लागतं. त्याला हात आवरायला शिकावं लागतं.

मेंदूच्या बाजूनंही हेच दिसतं. एडवर्ड टॉब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं दाखवलं, की दुबळा हात वापरून पाहिला, जमलं नाही, आणि चांगल्या हातानं काम झटकन झालं, असं पुन्हा पुन्हा घडलं की मेंदू दुबळ्या हाताचा नाद सोडायला शिकतो. त्या हातात थोडी ताकद परत आली असली तरीसुद्धा. यावरचा उपाय म्हणजे चांगला हात हातमोज्यात कोंडून ठेवणं. २०० हून अधिक पेशंटांवरच्या एका चाचणीत, २००६ साली, दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक सगळा वेळ चांगल्या हातावर मोजा आणि सोबत रोज तासन्‌तास सराव, एवढ्यानं दुबळ्या हाताचं काम सुधारलं. स्वतःच्याच चांगल्या हाताची मदत जर इतकी महाग पडत असेल, तर घरात चोवीस तास तयार असलेल्या दोन धडधाकट हातांचं काय?

उलट टोकाची माणसंही वॉर्डात असतात, आणि इथं आम्ही नवरे पुढं. एकानं वहीत रकाने आखलेले: सकाळी किती उठबशा, दुपारी किती फेऱ्या, कालच्यापेक्षा किती कमी. बायको दमून डोळे मिटून बसली की हे वही उघडणार. जितकं जास्त तितकं चांगलं, हा हिशेब घरी बसून बरोबर वाटतो. तज्ज्ञांनाही वाटला होता. 'अव्हर्ट' या चाचणीत पाच देशांतल्या २१०४ पेशंटांपैकी निम्म्यांना पक्षाघातानंतर पहिल्या २४ तासांतच उठवून बसवायला, उभं करायला सुरुवात केली, नेहमीपेक्षा लवकर आणि नेहमीपेक्षा जास्त वेळा. तीन महिन्यांनी पाहिलं तर चांगली सुधारणा झालेले त्या गटात ४६ टक्के, आणि नेहमीच्या गटात ५० टक्के. घाईनं थोडं नुकसानच केलं. व्यायामाला डोस असतो, तो वाढवण्याचा आणि कमी करण्याचा अभ्यास असतो. वहीतल्या रकान्यांना तो कळत नाही.

यंत्रांविषयी एक परिच्छेद पुरे. पट्ट्यांनी अंग अधांतरी तोलून ट्रेडमिलवर चालवणाऱ्या यंत्राचे व्हिडिओ आपल्या फोनवर फिरत असतात आणि लोक दागिने मोडून तिकडे धावतात. अमेरिकेत ४०८ पेशंटांवर त्याची तुलना केली ती घरी येणाऱ्या फिजिओशी: ९० मिनिटांची एक, अशी ३६ सत्रं, त्यात ताकद आणि तोल यांचा सराव. २०११ साली निष्कर्ष आले. वर्षाअखेर दोन्हींकडे सारखीच सुधारणा, सगळे मिळून ५२ टक्के लोकांची चाल वरच्या पायरीवर गेली. म्हणजे यंत्राशिवाय भागतं, शिकलेल्या माणसाशिवाय भागत नाही. हा निकाल 'अटेंड'च्या शेजारी ठेवून वाचावा.

मग ते शिकलेलं माणूस मिळतं का? मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण १९५३ साली सुरू झालं. हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून उभी आहे. मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी खडकीचं पॅराप्लेजिक केंद्र १९७४ पासून आहे, आणि तिथं देशानं हे मान्य केलेलं आहे की जखम भरली म्हणजे काम संपलं नाही. ज्ञान इथं सत्तर वर्षांपूर्वीच आलं. पैसे द्यायची वेळ येते तिथं गाडी अडते.

आरोग्य विम्याची पॉलिसी काढून 'वगळलेल्या बाबी' हे पान उघडा. विमा नियामकानं २०१९ साली या बाबींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. पाचव्या क्रमांकावर, 'Excl05' या संकेतानं, एक शीर्षक सापडेल: रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन अँड रेस्पाइट केअर. खालचा मजकूर सांगतो, की मुख्यतः सक्तीच्या बिछान्यातल्या विश्रांतीसाठी झालेल्या, उपचारांसाठी न झालेल्या भरतीचा खर्च मिळणार नाही. आणि यात अंघोळ, कपडे, हालचाल यांसाठी लागणारी देखभालही धरली आहे. सकाळपासून घाम गाळत, रडत, चिडत पाऊल टाकायला शिकणाऱ्या बाईला 'बिछान्यातली विश्रांती' घेणाऱ्यांच्या पंक्तीला बसवलं आहे. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनचे, आयसीयूचे पैसे विमा देतो. त्या गुठळीनं नेलेला पाय परत आणायची वेळ आली की डेस्कवरचा मुलगा मान हलवतो. डिस्चार्जनंतरच्या साठ-नव्वद दिवसांतला काही खर्च पॉलिसीत बसतो, डॉक्टरची चिठ्ठी आणि पावत्या नीट असतील तर. बहुतेकांना तेही माहीत नसतं, म्हणून सांगून ठेवतो.

अमेरिकेचा हेवा करावा असं त्यांच्या आरोग्यव्यवस्थेत फार नाही, पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तिथं ज्येष्ठांच्या सरकारी विम्यावर पुनर्वसन रुग्णालयात भरती करायचं, तर पेशंटला साधारणपणे रोज तीन तास, आठवड्याचे पाच दिवस थेरपी झेपली पाहिजे आणि मिळालीही पाहिजे. तिथं भरतीची अटच कष्टांची आहे. आपल्याकडे कष्ट झाले तर पैसे का द्यायचे, असा सूर.

चालण्याला एक मापही आहे. सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा हळू चालणारा माणूस घरातल्या घरात फिरतो; ०.८ च्या पुढं गेला की बाहेर मोकळेपणी वावरू शकतो. बारा मीटरचा रस्ता पहिल्याला अर्धा मिनिट, दुसऱ्याला पंधरा सेकंद. कॉरिडॉरमध्ये वॉकर घेऊन एक फेरी झाली की आपल्याकडे डिस्चार्जचा कागद तयार होतो. तिथून रस्ता ओलांडण्यापर्यंतचं अंतर कोणाच्या खात्यावर? सोबत राहणाऱ्याच्या. फुटपाथ नसलेल्या रस्त्यांचा विषय आज काढत नाही.

हे सगळं खपून जातं, कारण आपल्याकडे एक शब्द तयार आहे: सेवा. तो उच्चारला की मोबदला, प्रशिक्षण, रजा यांविषयी बोलणंच हलकं वाटू लागतं. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बाईला मुलांच्या संगोपनासाठी एकूण ७३० दिवसांची रजा मिळते, आणि ते योग्यच आहे. नवरा किंवा बायको आडवी पडली तर त्यासाठी अशी वेगळी रजा नाही. साठवलेली रजा मोडा, संपली की बिनपगारी. आणि सेवेचा भार कोणावर पडतो तेही पाहावं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरातल्या माणसांची विनामोबदला देखभाल करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी १३४ मिनिटं त्यात घालवत होत्या, पुरुष ७६. मुळात असं काही करणाऱ्यांचं प्रमाणच बायकांत २७.६ टक्के आणि पुरुषांत १४. यात मुलांचं पाहणं धरलेलं आहे, पण आजारपणात चित्र उलटं होत असेल असं वाटण्याचं कारण नाही.

मला हे आकड्यांशिवायही दिसत होतं. मी पत्नीचा डबा उघडून दिला तरी शेजारच्या खाटेवरून "किती करता हो तुम्ही!" असं यायचं. त्याच खाटेपाशी एक बाई नवऱ्याचं सगळं काढत होती, रात्री दोनदा कूस बदलायला उठत होती, आणि तिला भेटायला आलेले विचारत, "यांना अजून उभं केलं नाहीस?" मला मिळालेली शाबासकी आणि तिला मिळालेला जाब एकाच समजुतीतून येत होते. तिनं करणं म्हणजे कर्तव्य, मी करणं म्हणजे उपकार.

वटपौर्णिमेला वडाभोवती दोरा गुंडाळताना सावित्रीनं यमाला बोलण्यात कसं गुंडाळलं ते सगळ्या सांगतात. महाभारतातल्या वनपर्वात तिथून पुढं काय होतं ते फारसं कोणी सांगत नाही. (लाकडं तोडता तोडता सत्यवानाचं डोकं असह्य दुखतं आणि तो तिच्या मांडीवर आडवा होतो, असा तपशील तिथं आहे. त्यावरून निदान करण्याचा मोह डॉक्टर मित्रांनी आवरावा.) सत्यवान जागा होतो तेव्हा रात्र पडलेली, रान अंधारलेलं, आणि अंगात त्राण नाही. सावित्री फळांची टोपली फांदीला अडकवून ठेवते, कुऱ्हाड स्वतः घेते, त्याचा हात आपल्या डाव्या खांद्यावर घेते, उजव्या हातानं त्याला वेढते आणि हळूहळू चालू लागते. मला त्यातलं पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. वाट सत्यवानाच्या पायाखालची. पळसाच्या झाडीपाशी दोन वाटा फुटतात, त्यातली कुठली धरायची हे तो सांगतो, आता बरं वाटतंय म्हणतो, आईवडिलांच्या ओढीनं भरभर चालायला लागतो. तिनं खांदा दिला आणि वाट त्याला ठरवू दिली. कथाकाराला ही वाटणी सुचली होती. आपण व्रतात दोरा तेवढा ठेवला.

तर जोडीदाराचं काम कोणतं? आधी सुरक्षिततेचे चार नियम त्याला शिकवावेत, ते तासाभरात शिकून होतात. चालवताना दुबळ्या बाजूला आणि किंचित मागं राहायचं. हाताला धरायचं नाही, कमरेच्या पट्ट्याला धरायचं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा आधी. लुळा हात कधीही ओढायचा नाही. एवढं आलं की व्यायामाच्या हिशेबातून त्यानं बाहेर पडावं.

आणि घरात शिरावं. पाऊल लोंबकळतं म्हणून पोटरीला प्लास्टिकचा स्प्लिंट देतात, एएफओ. तो बुटात घालायचा असतो. नुसता घालून चाललं की घसरायला होतं. म्हणजे बूट घरात घालायचा. स्वयंपाकघरात, देवघरासमोर. ज्या बाईनं आयुष्यभर उंबऱ्याच्या आत कोणाची चप्पल येऊ दिली नाही, तिनं बूट घालून ओट्याशी उभं राहायचं. फिजिओ "घरी बूट घाला" एवढंच सांगते आणि तिचं सांगणं बरोबर असतं. ते अमलात येतं की नाही, हे घरातला माणूस ठरवतो. आमच्याकडे नवे बूट आणले, त्यांना घराबाहेर पाऊल टाकायची बंदी केली, आणि पत्नीनं स्वतः देवापुढं उभं राहून तो प्रश्न निकालात काढला. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. नऊवारी-सहावारीचा प्रश्न तसाच. साडीच्या निऱ्या त्या पायात अडकतात. गाऊन की सलवार यावर घरात मोठ्या आवाजात चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

मोरीचा उंबरा फोडायचा का, कमोडशेजारी दांडी कोणत्या बाजूला ठोकायची, पलंगाची उंची किती, रात्रीचा दिवा कुठं, हे सगळं आलं. पण त्याहून मोठं काम दिसत नाही. पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य गाठतं, आणि त्याला घरातून नकळत खतपाणी मिळतं. उजवा हात गेला, सही जुळत नाही, बँकेतून चेक परत आला. नवरा म्हणतो, "कशाला दगदग, मी बघतो." खातं त्याच्याकडे जातं, मग भिशी, मग लग्नाच्या आहेराचा निर्णय, मग भाजी कोणती. माणूस चालायला लागतो आणि कुठं जायचं ते उरत नाही. डाव्या हाताची सही बँकेत नव्यानं नोंदवायला एक सकाळ जाते. ती सकाळ ज्यानं दिली त्यानं दहा उठबशांपेक्षा जास्त काम केलं असं मी मानतो.

अंघोळ कोणी घालायची, हेही विचारायचं असतं. काही बायकांना नवराच हवा असतो, काहींना नवरा सोडून कोणीही चालतं. केंद्रात नातं बघून कामं वाटली जात. "मिस्टर आहेत ना" म्हणून पडदा ओढला जाई. खाटेवरच्या बाईला कोणी विचारत नसे. ब्युरोतून मावशी ठेवणं हा प्रेमातला कमीपणा मानू नये. कित्येकदा त्यामुळेच संध्याकाळी नवरा-बायकोला एकमेकांशी बोलायला तोंड उरतं.

फिजिओ ओरडली तर तिचं ओरडणं सत्र संपलं की संपतं. नवरा ओरडला तर ते जेवणात येतं, बिछान्यात येतं. पेशंटला दिवसभरात एक तरी माणूस असं लागतं, ज्याच्यासमोर तो पेशंट नसतो. ज्याच्याशी राजकारणावरून भांडता येतं, ज्याला "चहात साखर कमी" म्हणता येतं. ते माणूस वही घेऊन बसलं तर दुसरं आणायचं कुठून?

यावर एक आक्षेप हमखास येतो: हे शहरी, पैसेवाल्यांचं बोलणं झालं, गावात फिजिओ कुठून आणणार, घरच्यांशिवाय तिथं आहे कोण? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे. पण त्यातून 'घरच्यांना शिकवा' असं निघत नाही, कारण ते करून पाहिलं आणि ४७ टक्के हे ४७ टक्केच राहिले. निघतं ते असं, की तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात फिजिओची जागा हवी, ती भरलेली हवी, आणि त्यानं घरी जावं म्हणून त्याला वाहनभत्ता हवा. त्याच्या कामाचे पैसे विम्यानं आणि सरकारी योजनांनी, कष्टाच्या तासांवर मोजून, द्यायला हवेत.

माणसं नाहीत हे तर मला मुळीच पटत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला: इथले प्रशिक्षित तरुण तिकडं पाठवायचे. यादीत परिचारिका आहेत, आजारी आणि वृद्ध माणसांची देखभाल करणारेही आहेत. जर्मनीत देखभालीचा सक्तीचा विमा १९९५ पासून आहे, आणि घरातल्याच माणसानं देखभाल केली तरी त्यातून पैसे मिळतात. म्हणजे जी माणसं तयार होऊ शकत नाहीत असं आपण आपल्या पेशंटांना सांगतो, तीच आपण दुसऱ्यांच्या पेशंटांसाठी तयार करायला निघालो आहोत, कारण तिकडं पगार देणारं कोणीतरी आहे. आमची लातूरची फिजिओही संध्याकाळी जर्मनच्या क्लासला जाते. पत्नीला पायरी चढवता चढवता ती सांगत होती, एक परीक्षा झाली, पुढची बी-वनची, आणि तिची फी इथल्या पगाराच्या मानानं फार आहे.